वजन उतरलं, कातडी राहिली: बॉडी कॉन्टूरिंगला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

सकाळी पँट घालताना पोटाची सैल कातडी आधी दोन्ही हातांनी गोळा करायची, पट्ट्याच्या आत सारायची आणि ती निसटायच्या आत चेन वर ओढायची. ५२ किलो उतरवल्यानंतर दीड वर्ष माझी ही रोजची कसरत होती. रक्तदाबाची गोळी बंद झाली होती, जिने चढताना धाप लागत नव्हती, भेटेल तो कौतुक करत होता. पण शर्टाच्या आत एक रिकामी पिशवी लोंबत होती, तिच्याखाली कायम ओल आणि त्या ओलीत कायम आग. कौतुक करणाऱ्याला हे सांगणार कसं?

पुढे माझ्यावर दोन टप्प्यांत बॉडी कॉन्टूरिंगच्या, म्हणजे सैल कातडी काढून अंगाला आकार देण्याच्या, शस्त्रक्रिया झाल्या. पहिल्यात पोट, कंबर आणि पाठीचा खालचा भाग. दुसऱ्यात छाती आणि दंड. मी डॉक्टर नाही. या वाटेने जाऊन आलेला माणूस म्हणून लिहितोय, तेव्हा तुमचा निर्णय तुमच्या सर्जनशी बोलूनच घ्या. मात्र त्यांच्यासमोर बसण्याआधी काही गोष्टी ठाऊक असल्या तर ती पंधरा-वीस मिनिटं कारणी लागतात. मला त्या ठाऊक नव्हत्या, आणि पहिली भेट मी चक्क मान डोलावण्यात घालवली.

सुरुवातीला एक आशा सोडून द्या

ती म्हणजे कातडी हळूहळू आपोआप आत जाईल ही. थोडी जाते, विशेषतः वय कमी असेल आणि वजन फार वर्षं अंगावर नसेल तर. पण कातडीला ताण देणारे कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे वर्षानुवर्षं ताणलेले राहिले की त्यांची वीण बिघडते. चरबी गेली तरी ती वीण परत बसत नाही. वजन बॅरिॲट्रिक सर्जरीने (वजन घटवण्यासाठी जठर-आतड्यांवर करतात ती शस्त्रक्रिया) उतरलं, इंजेक्शनांनी उतरलं की नुसत्या आहार-व्यायामाने, याने फारसा फरक पडत नाही. किती उतरलं, किती वर्षं होतं, वय काय, धूम्रपान होतं का आणि आईवडिलांकडून कशी त्वचा मिळाली, यावर सगळं ठरतं.

क्रीम, मसाज, पट्टे यांवर पैसे घालवू नका. व्यायाम जरूर करा, पण कातडीसाठी नको. मी आठ महिने नेटाने दंडाचे व्यायाम केले. दंडाला छान स्नायू आला आणि त्याच्याखाली कातडी पहिल्यासारखीच झुलत राहिली. नुसत्या लायपोसक्शनचंही, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याचंही, तसंच. उशीतला उरलासुरला कापूस काढला की अभ्रा आणखी ढिला पडतो. मोठ्या वजनघटीनंतर लायपोसक्शन असतं ते जोडीला, मुख्य काम कात्रीचंच.

आणि हा वजन कमी करण्याचा उपाय नाही. निघालेली कातडी आणि चरबी बहुतेकांच्या बाबतीत काही किलो भरते, बस.

त्रासाची वही घाला

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. दोन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा: आज कातडीमुळे काय अडलं? कुठे खाज आली, कुठे घासलं, कोणता कपडा परत कपाटात गेला, कुठे जायचं टाळलं, जवळच्या माणसाचा हात कुठे लागला तेव्हा अंग चोरलं.

मला खात्री होती की माझा मुख्य त्रास छातीचा आहे. लोंबत्या छातीमुळे मी टी-शर्ट घालत नव्हतो, पोहायला जात नव्हतो. वही भरल्यावर पाहिलं तर चौदापैकी अकरा दिवस एकाच जागेबद्दल लिहिलं होतं: पोटाच्या वळीखालची, जांघेजवळची आग. आरसा छाती दाखवत होता, वही पोट. पहिली शस्त्रक्रिया पोटाची करायची हे त्या वहीमुळे ठरलं, आणि ते बरोबर ठरलं.

वळीखालच्या त्या आगीला डॉक्टर इंटरट्रायगो म्हणतात. कातडीवर कातडी, मध्ये घाम, हवा नाही. मग लाली, चिरा, वास आणि बरेचदा वर बुरशी. शस्त्रक्रिया होईपर्यंत तिला सांभाळावं लागतं. दिवसातून दोनदा धुऊन टिपून कोरडं करायचं, रगडायचं नाही. वळीत मऊ सुती कापडाची घडी ठेवायची आणि ओली झाली की बदलायची. बुरशीचं मलम डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस लावायचं, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. स्टेरॉइड मिसळलेली मलमं मनाने लावू नका. दोन दिवस आराम पडतो, मग बुरशी जोमाने परत येते. लाली पसरत चालली, पू आला किंवा ताप भरला तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा.

या पुरळाची प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक तारखेचा फोटो जपून ठेवा. विमा कंपन्या सहसा लोंबती कातडी काढणं आणि पोट सुडौल करणं यांत फरक करतात. पहिल्याला उपचार मानायचं तर औषध घेऊनही काही महिने त्रास हटला नाही याचा लेखी पुरावा मागतात. दुसऱ्याला सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणतात आणि बाजूला सारतात. मला पाठीचं दुखणं आणि पुरळ दोन्ही होतं, पण कागदावर फक्त एकदाच्या मलमाची नोंद होती. बाकी मी औषधाच्या दुकानातून तोंडीच आणत राहिलो होतो.

वहीचा आणखी एक उपयोग. वजनघटीनंतरची त्वचा मोजायला डॉक्टरांकडे पिट्सबर्ग स्केल आहे, २००५ साली मांडलेलं: शरीराचे दहा भाग आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. ते सर्जनच्या डोळ्यांना काय दिसतं ते सांगतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेली बॉडी-क्यू ही प्रश्नावली उलट बाजूने जाते: दिसणं, हालचाल, मनःस्थिती, लैंगिक आयुष्य, लोकांत मिसळणं, असं तुम्हालाच विचारते. दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. कुणाच्या दंडाला ३ गुण असतील आणि त्याला त्याचं काही वाटत नसेल. तुमच्या वहीत दंड नसेल, तर दंडावर लांब व्रण घेण्याचं कारण काय?

वजन थांबलं का?

उतरत्या वजनावर ही शस्त्रक्रिया करत नाहीत. बॅरिॲट्रिक सर्जरीनंतर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्यावे लागतात, आणि त्यातले शेवटचे किमान ३ ते ६ महिने काटा दोन-तीन किलोंच्या आत फिरत राहिलेला हवा. कारण साधं आहे. नंतर आणखी वजन उतरलं तर शिवलेली कातडी पुन्हा सैल पडते, आणि वाढलं तर व्रण ताणून रुंद होतो.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३० च्या खाली असेल तर उत्तम. ३५ च्या वर गेलं की जखम उघडणं, संसर्ग, गुठळ्या यांचा धोका चढत जातो आणि अनेक सर्जन थांबायला सांगतात. अपवाद असतात. लोंबतं पोट मांड्यांपर्यंत आलेलं असेल, चालताच येत नसेल, तर फक्त तेवढी कातडी आधी काढण्याचा निर्णय होऊ शकतो. पुढे बाळ हवं असेल तर पोटाची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर ठेवा.

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनं चालू असतील तर दोन गोष्टी. ती बंद केल्यावर वजन परत चढण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पुढे चालू ठेवणार की थांबवणार हे आधी ठरवा. आणि भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. या औषधांनी जठर उशिरा रिकामं होतं, आणि भूल देताना पोटात अन्न असणं धोक्याचं.

दुसऱ्या टोकाला ‘अजून पाच किलो, मग बघू’ म्हणत वर्षं काढणारेही असतात. काटा थांबला आहे म्हणजे थांबला आहे. मनातल्या आकड्याची वाट बघू नका.

रक्त तपासा, आणि प्रथिनं मोजा

माझी पहिली तारीख रद्द झाली. भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं. बाहेरून धडधाकट दिसत होतो, मलाही काही जाणवत नव्हतं. जठर लहान केल्यावर (स्लीव्ह, माझी तीच झाली होती) किंवा आतड्याला वळण दिल्यावर (गॅस्ट्रिक बायपास) लोह, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, झिंक हे सगळं कमी पडत जातं, आणि कुणी रक्त तपासेपर्यंत कळत नाही. मी वर्षभर गोळ्यांत चालढकल केली होती, त्याची भरपाई शिरेतून लोह घेऊन आणि दोन महिने थांबून केली. तुम्ही तारीख घेण्याच्या आधीच, निदान तीन महिने, या तपासण्या करून घ्या. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखरही.

प्रथिनांचं तर विचारूच नका. शिवलेल्या कातडीची लांबी टेपने मोजली तर मीटरच्या घरात जाते, आणि ती सांधायला शरीराला कच्चा माल लागतो. अशा रुग्णांना साधारण दिवसाला ६० ते १०० ग्रॅम प्रथिनं सांगतात. तुमचा आकडा आहारतज्ज्ञांकडून घ्या, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. लहान झालेल्या पोटात एवढी प्रथिनं एका जेवणात मावत नाहीत. मी दिवसाचे सहा हप्ते केले आणि प्रत्येक हप्त्यात प्रथिन आधी, बाकी नंतर.

सिगारेट, तंबाखू, व्हेप: किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटिनची चुइंगम आणि पट्टीसुद्धा यात आली, कारण गुन्हेगार निकोटिनच आहे. सोडवून ओढलेल्या कातडीची कड बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. निकोटिनने त्या आवळल्या की कड काळी पडते. काही सर्जन तपासणी करून खात्री करतात. खोटं बोलून त्यांना फसवता येईल, कातडीला नाही.

रक्त पातळ करणारी औषधं, हार्मोनच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ‘हर्बल’ पुड्या, जे काही घेता त्याची यादी करून दाखवा.

काय काय करतात

पोटापासून सुरू करू, कारण बहुतेकांचं तिथूनच सुरू होतं. पॅनिक्युलेक्टॉमी म्हणजे फक्त लोंबता पडदा कापून काढणं. त्याने पुरळ जातं, चालणं सुधारतं, पण वरचं पोट तसंच राहतं. ॲब्डोमिनोप्लास्टी, म्हणजेच टमी टक, त्याच्या पुढे जाते: वरपर्यंतची कातडी सोडवून खाली ओढतात आणि मधोमध फाकलेले पोटाचे स्नायू शिवून जवळ आणतात. दोन्ही नावं लोक सरमिसळ वापरतात. तुमच्या कागदावर नेमकं काय लिहिलं आहे ते वाचा.

टमी टकमध्ये बेंबी हलवत नाहीत. ती आपल्या देठासकट जागच्या जागी राहते, भोवतालची कातडी तिच्यावरून खाली सरकते, आणि त्या नव्या कातडीला नेमक्या उंचीवर भोक पाडून बेंबी त्यातून बाहेर काढून शिवतात. माझ्या बेंबीच्या वर चार बोटांवर एक तीळ होता. आता तो ओटीपोटावर, व्रणाच्या जरासा वर येऊन बसला आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा तो तिथे दिसला तेव्हा कातडी किती सरकली याचा खरा अंदाज आला.

कातडी आडवीसुद्धा सैल असेल तर मधोमध उभा छेदही घेतात. त्याला फ्लर-दे-ली पद्धत म्हणतात. उलट्या टी आकाराचा व्रण कायमचा राहतो, पण कंबर खरोखर आत येते. माझ्यासारखी पाठीमागेही वळी असेल तर छेद पट्ट्यासारखा अंगाभोवती पूर्ण फिरतो: बेल्ट लिपेक्टॉमी किंवा लोअर बॉडी लिफ्ट. यात नितंब आणि मांडीची बाहेरची बाजूही वर उचलली जाते.

पोटाचा पडदा कापणं जुनंच आहे. बाल्टिमोरचे हॉवर्ड केली यांनी १८९९ साली त्याबद्दल लिहिलं. पण कातडीखालच्या चिवट पापुद्र्याला टाके घालून वजन त्याच्यावर तोलायचं, कातडीच्या कडेवर नाही, ही समज १९९१ साली टेड लॉकवूड यांच्या लेखनातून रुजली. व्रण रुंद होऊ नये यासाठी आजही ते खोलातले टाकेच कामाला येतात.

बाकीचं थोडक्यात. दंडाचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत जातो आणि बाही आखूड असेल तर दिसतो. मांडीचा आतल्या बाजूने, जांघेत किंवा गुडघ्यापर्यंत उभा. ही जागा घासते, ओली राहते, म्हणून जखम इथे जास्त कुरकुरते आणि पायाला सूज येऊ शकते. पुरुषांच्या छातीत ग्रंथी आणि कातडी दोन्ही काढतात, कधी स्तनाग्र नव्या जागी बसवतात. स्त्रियांच्या स्तनांना वर उचलून आकार देतात, भरीसाठी स्वतःचीच जास्तीची ऊती किंवा इम्प्लांट. चेहरा आणि मान बहुधा सगळ्यांत शेवटी.

पित्ताशयाची जुनी उघडी शस्त्रक्रिया झाली असेल आणि उजव्या बरगडीखाली तिरका व्रण असेल तर तो सर्जनला पहिल्या भेटीतच दाखवा. वरून येणारा रक्तपुरवठा त्या व्रणाने आधीच तोडलेला असतो, म्हणून छेदाची आखणी बदलावी लागते. हर्नियाचंही सांगा, तो बरेचदा त्याच वेळी दुरुस्त होतो.

सगळं मिळून हा सौदा आहे: सैल कातडी द्यायची आणि लांब, कायमचा व्रण घ्यायचा. हा सौदा ज्याला पटत नाही त्याने तूर्त शस्त्रक्रिया करू नये, असं मी उघड म्हणेन.

सर्जनसमोर

वही घेऊन जा आणि तीन त्रास क्रमाने सांगा. मग हे विचारा. एवढं वजन उतरवलेल्या किती जणांवर तुम्ही ही शस्त्रक्रिया केली आहे? वर्षभरानंतरच्या व्रणांचे फोटो दाखवाल का? भूल किती तासांची? जखम उघडली किंवा पुन्हा टाके घालावे लागले तर ते कोण करणार, आणि त्याचा खर्च कुणाचा? रात्री दोन वाजता रक्त आलं तर फोन कुणाला?

अर्हताप्राप्त प्लास्टिक सर्जन आणि अतिदक्षता विभाग जवळ असलेलं रुग्णालय, यात तडजोड नको. एकाच बैठकीत पोट, मांड्या, दंड, छाती सगळं उरकून देतो म्हणणाऱ्यापासून जपून राहा. भूल सहा तासांच्या पुढे गेली की धोके वाढतात. टप्पे पाडणं, मध्ये तीनेक महिने जाऊ देणं, हे आळसाचं नाही, शहाणपणाचं लक्षण आहे.

आधी मनाचं पाहा, असं एखादा सर्जन म्हणाला तर रागावू नका. नैराश्य, खाण्याचे विकार किंवा शरीरातल्या नसलेल्या व्यंगाचा ध्यास असेल तर कात्रीने तो सुटत नाही.

घर आधी लावा

आठवडाभर तरी सोबतीला कुणीतरी हवं. पाठ उशांवर उंच आणि गुडघ्यांखाली उशी अशी झोपायची जागा तयार ठेवा, कारण सपाट झोपता येणार नाही. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणा. कपडे पुढून उघडणारे.

त्या दिवशी

शस्त्रक्रियेच्या आधी सर्जन तुम्हाला उभं करून अंगावर पेनाने रेघा मारतात, कातडी चिमटीत धरून, ओढून, पुन्हा सोडून. उभंच, कारण आडवं झालं की कातडी बाजूंना पसरते आणि माप चुकतं. थंडगार खोलीत जवळजवळ उघडं उभं राहून अर्धा तास हे चालतं. अवघडल्यासारखं होतं खरं, पण ती रेघ कुठे येतेय हे बोलायची शेवटची संधी हीच. अंतर्वस्त्राची कड कुठे येते ते तेव्हाच दाखवा.

पायांना दाबणाऱ्या पिशव्या लावतात, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. गुठळीचा धोका कॅप्रिनी स्कोअरने मोजतात; त्यानुसार नंतर पोटात किंवा मांडीत गुठळ्या रोखणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनंही असतात.

पहिले पंधरा दिवस

कुबड काढून चालावं लागतं. पोटाची कातडी ताणलेली असते, सरळ झालात तर टाक्यांवर भार येतो. तरी त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, आणि ते टाळू नका. पायाच्या पोटऱ्यांत रक्त साकळून गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

ड्रेन नावाच्या नळ्या कातडीखालून बाहेर येतात आणि टोकाला एक दाबलेला फुगा असतो. त्यात जमणारं पाणी रोज ठरल्या वेळी मोजून लिहायचं. सुरुवातीला लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. २४ तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. अंघोळीच्या वेळी मी त्या नळ्या गळ्यातल्या सुती दोरीला अडकवायचो; हात मोकळे राहतात आणि ओढ बसत नाही.

गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांनी एक गोष्ट पाठ करावी: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामकांनी जठर आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात तुमच्या पोटाचा इतिहास प्रत्येकाच्या लक्षात असेल असं समजू नका. मला सवयीने डायक्लोफेनॅक लिहिलं गेलं होतं. माझी शस्त्रक्रिया स्लीव्हची, तरी विचारलं, आणि ते बदलून मिळालं.

दाब देणारा घट्ट पोशाख साधारण चार ते सहा आठवडे. जड उचलणं सहा आठवडे बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येईल. सूज, नळ्या, कुबड, आणि आपण हे का केलं हा प्रश्न. बहुतेकांना येतं आणि बहुतेकांचं जातं. दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल तर डॉक्टरांना सांगा.

एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, एक बाजू झपाट्याने फुगणं, ताप, कातडीची कड काळी पडणं: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

बिघडतं तेव्हा

मोठ्या वजनघटीनंतरच्या शस्त्रक्रियांत छोट्या गुंतागुंती अपवाद नसतात, हे आधीच मनाशी बांधून ठेवा. माझ्या पाठीमागे, माकडहाडाच्या वर, अठराव्या दिवशी टाके दोन बोटं उघडले. बसताना-उठताना ताण तिथेच सगळ्यांत जास्त येतो. आरशात मागे पाहून मी हादरलो. सर्जननी पाहिलं, धुतलं, पुन्हा शिवलं नाही. पाच आठवडे रोज पट्टी बदलली आणि ती जखम खालून भरत आली. आज तिथे व्रण थोडा रुंद आहे, एवढंच.

दुसरं म्हणजे सेरोमा: नळी काढल्यानंतर कातडीखाली पाणी साचणं. पोटावर थाप मारली की लाट हलल्यासारखं वाटतं. दवाखान्यात सुईने काढतात, कधी तीन-चार वेळा. घरी दाबून, पिळून काढायचा प्रयत्न करू नका. उलट्या टीच्या सांध्यावर, म्हणजे उभी आणि आडवी रेघ मिळते तिथे, जखम रेंगाळते. छेदाच्या टोकांना कधी छोटा फुगवटा उरतो. तो पुढे जागा बधिर करून काढता येतो.

व्रण

तीन महिने तो लालभडक आणि टणक असतो, आणि याच काळात लोक घाबरतात. पिकून फिका व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, आणि उन्हापासून झाकून ठेवणं. बाकी जादूच्या तेलांना मी फार किंमत देत नाही. व्रण कडेबाहेर पसरून जाड होत असेल, खाजत असेल, तर लवकर दाखवा. सुरुवातीला इंजेक्शनांनी तो आवरतो.

त्यानंतरचं आयुष्य

पुरळ गेलं, ते पहिल्या महिन्यातच. धावताना पोट आपटत नाही. कपडे मापाचे मिळतात. अभ्यासांमध्येही हेच दिसत आलं आहे: शरीराबद्दलची भावना, हालचाल, जवळीक सुधारते. बॅरिॲट्रिक सर्जरीनंतर कॉन्टूरिंग करून घेतलेल्यांचं वजन जास्त टिकतं असंही काही अभ्यासांत आढळलं. पण ज्यांचं वजन टिकलेलं असतं त्यांनाच ही शस्त्रक्रिया मिळते, हेही विसरू नका.

डोकं मात्र मागे राहतं. वर्षभर मी दोन खुर्च्यांमधून जाताना आडवा होत होतो, जागा भरपूर असताना. कपड्यांच्या दुकानात हात अजून सगळ्यांत मोठ्या मापाकडे जायचा. कातडी काढता येते, सवय काढायला वेळ लागतो. समुपदेशकाकडे सहा बैठका घेतल्या आणि त्या मला छातीच्या शस्त्रक्रियेइतक्याच उपयोगी पडल्या.

काही गोष्टी होणार नाहीत. पोट विशीतल्यासारखं होणार नाही. कातडी पहिल्या वर्षात थोडी पुन्हा सैलावते, कारण तिची वीण तीच आहे. जोडीदाराशी बिघडलेलं असेल तर ते टाक्यांनी जुळणार नाही. आणि नवीन शरीराकडे पाहून लोक नवे प्रश्न विचारतील. व्रणांबद्दल कुणाला काय सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

बधिरपणा सोबत राहतो. बरीचशी जाणीव महिन्यांनी परत येते, मुंग्या येत, मध्येच वीज चमकावी तशी कळ येत. पण सगळी येईलच असं नाही. माझ्या बेंबीखाली तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. म्हणून सांगतो: पोट दुखलं, पाठ दुखली, तरी त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. भाजतंय हे कातडी तुम्हाला सांगणार नाही. मला ते संध्याकाळी, फोड आलेला पाहिल्यावर कळलं.